जखमेचा फोटो कोणासाठी?

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी एक तरुण दवाखान्यात आला. काही दिवसांपूर्वी त्याचे वडील गर्दीत लोकलमधून उतरताना फलाटावर पडले होते. मांडीचं हाड मोडलं, डोक्याला खोक पडली. ऑपरेशन झालं, आता ते काठी घेऊन चालतात, त्यांची काळजी नको. पण मुलगा वडिलांसाठी आलाच नव्हता. त्याला स्वतःला झोप लागत नव्हती, जेवण जात नव्हतं. वडील पडल्याचं त्याला पोलिसांकडून कळलं नव्हतं, हॉस्पिटलकडूनही नाही. ऑफिसात बसलेला असताना एका ग्रुपवर फोटो आला, 'घाई कराल तर असं होईल' असं वर लिहिलेला. त्याने शर्ट ओळखला.

त्याने तो फोटो मला दाखवला. वडील आडवे पडलेत, डोक्याखाली रक्त आहे, आजूबाजूला आठ-नऊ जणांचे पाय दिसतात. खाली वाकलेला हात एकही नाही. अर्थात पुढच्या मिनिटाला कोणीतरी वाकलंच असणार, त्याशिवाय ते हॉस्पिटलात पोचले नसते. गर्दीतल्या माणसांना मी सरसकट वाईट म्हणणार नाही. मीही याच स्टेशनवरून तीस वर्षं ये-जा करतोय आणि किती अनोळखी माणसांनी किती जणांना उचलून टॅक्सीत घातलंय ते पाहिलंय. पण ज्याने फोटो काढला त्याने तो कोणासाठी काढला, हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. म्हणून हा लेख.

जखमेचा फोटो काढूच नका, असं मी अजिबात म्हणत नाही. उलट माझ्या मधुमेही पेशंटांना मीच सांगतो, पायाचा फोटो काढून पाठवा. माझं म्हणणं इतकंच आहे की जखमी माणसाचं चित्र त्या माणसाच्या किंवा त्याच्यासारख्या दुसऱ्या रुग्णाच्या काही उपयोगाचं असावं, आणि तो शुद्धीवर असेल तर त्याला विचारलेलं असावं. हे दोन्ही नसेल तर मोबाइल खिशात ठेवावा.

हा प्रश्न मोबाइलमुळे निर्माण झाला असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो खूप जुना आहे, आणि त्यातलं एक प्रसिद्ध उदाहरण आपल्या पुण्याचं आहे. वैद्यकीय इतिहासाच्या पुस्तकांत हमखास सापडणारं ते चित्र तुम्हीही कुठेतरी पाहिलं असेल: डोक्याला फेटा, नजर समोर, कपाळावर मोठा व्रण आणि शेजारी शस्त्रक्रियेच्या लहान लहान आकृत्या.

या माणसाचं नाव इंग्रजांनी 'कावसजी' असं नोंदवलं. नाव पारशी वाटतं, पण नोंदीत तो शेती करणाऱ्या जातीचा मराठा असल्याचं स्पष्ट लिहिलंय. इंग्रज फौजेत तो बैल हाकायचा. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या सैन्याच्या हाती लागला. त्यांनी त्याचं नाक कापलं आणि एक हातही तोडला. शत्रूची चाकरी करणाऱ्याला ही शिक्षा होती. नाक कापलेला माणूस मरत नाही, पण गावात तोंड दाखवू शकत नाही. मराठीत 'नाक कापलं' या शब्दांचा आजही काय अर्थ होतो ते वेगळं सांगायला नको.

साधारण वर्षभराने पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवीन नाक करून दिलं. हा माणूस वैद्य नव्हता, विटा पाडणाऱ्यांच्या जातीतला होता. ही शस्त्रक्रिया मुंबईच्या इंग्रज डॉक्टरांनी पाहिली. पुढे जेम्स वेल्स या चित्रकाराने जानेवारी १७९४ मध्ये कावसजीचं चित्र काढलं. हा तोच वेल्स, ज्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं काढली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह सगळी हकिकत छापून आली.

हकिकत वाचताना डॉक्टर म्हणून मी दर वेळी थक्क होतो. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून हव्या त्या आकाराचं नाक तयार केलं. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने रेघ ओढली. तेवढी कातडी कपाळावरून सोडवली, पण दोन भुवयांच्या मध्ये एक लहानसा देठ तसाच जोडलेला ठेवला. सगळी युक्ती त्या देठात आहे. त्यातून रक्त वाहत राहतं म्हणून कातडी जिवंत राहते. मग ती खाली वळवून, पीळ देऊन, नाकाच्या जागी बसवली. चिकटवायला काय वापरलं? काथ. विड्याच्या पानात घालतो तोच. काथ पाण्यात भिजवून कापडाच्या पट्ट्यांना लावला आणि पाच-सहा पट्ट्या एकावर एक बसवल्या. चार दिवस दुसरं काहीही लावलं नाही. नंतर तुपात भिजवलेलं कापड. पहिले पाच-सहा दिवस रुग्णाला उताणं झोपवलं. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे घातले. साधारण पंचविसाव्या दिवशी तो देठ कापला.

सुश्रुतसंहितेत गालाची कातडी वापरून नाक करण्याचं वर्णन आहे, इथे कपाळाची वापरली. आजही नाकाचा कर्करोग काढल्यावर प्लास्टिक सर्जन कपाळाची कातडी याच तत्त्वाने फिरवतात आणि देठ काही आठवड्यांनी कापतात. भूल वेगळी, टाके वेगळे, देठ तोच.

त्या छापील चित्राचा उपयोग झाला. लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने या पद्धतीचा अभ्यास करून १८१४ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याचं नाक तयार केलं, आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. तिथून ही पद्धत युरोपभर गेली. एका बैलवाल्याच्या विद्रूप केलेल्या चेहऱ्याच्या चित्राने अनेक अनोळखी लोकांना नाक परत मिळालं. जखमेचं चित्र काढावं की नाही यावर माझ्यापुरतं हे मोठं उत्तर आहे. त्या चित्रात जखम झाकलेली नाही, पण पाहणाऱ्याचं लक्ष जातं ते उपचाराकडे. कावसजी सरळ बसलाय आणि आपल्याकडे पाहतोय.

एक गोष्ट मात्र खुपते. कावसजीचं नाव राहिलं, चित्रकाराचं राहिलं, लंडनच्या सर्जनचं तर पुस्तकच राहिलं. ज्याने मेण, काथ आणि तूप वापरून नाक केलं त्या पुण्याच्या कारागिराचं नाव त्या हकिकतीत छापलंच नाही.

यानंतर शंभर वर्षांनी कॅमेरा मुंबईत सगळीकडे फिरत होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्या साथीचे पुष्कळ फोटो आज उपलब्ध आहेत: रुग्णालयात ओळीने मांडलेल्या खाटा, शेजारी उभे कर्मचारी, घरांची तपासणी करणाऱ्या तुकड्या, घरं धुणारे बंब, विलगीकरणाच्या छावण्या. फोटो स्वच्छ, नीटनेटके आहेत. सरकार काय काय करतंय ते दाखवण्यासाठी ते काढलेत हे लगेच कळतं. खाटेवरच्या माणसाच्या काखेत किंवा जांघेत गाठ आहे, तो बहुधा दोन-तीन दिवसांचा सोबती आहे, आणि फोटोखाली त्याचं नाव बहुतेक वेळा नाही.

आता याच फोटोंच्या शेजारी दुसरी एक घटना ठेवून पाहा. आमच्या लोअर परळहून सात रस्त्याकडे गेलं की कस्तुरबा रुग्णालय लागतं. ते तेव्हाचं आर्थर रोड हॉस्पिटल. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने त्यावर हल्ला केला. आत नेलेला माणूस परत येत नाही, ही भीती गिरणगावात पसरली होती. फोटोत दिसणाऱ्या त्या पांढऱ्या चादरी बाहेरच्या माणसांनी पाहिलेल्या नव्हत्या. त्यांनी पाहिले होते ते ओढून नेलेले शेजारी, आणि राहायला अयोग्य ठरलेल्या घरांवर रंगवलेली 'यू. एच. एच.' ही अक्षरं. साथ आटोक्यात आणणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण ज्याचा फोटो काढला, ज्याच्या दारावर अक्षरं रंगवली, त्याच्याशी बोलायला कोणाला वेळ नव्हता. डॉक्टरी पेशातल्या लोकांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, आणि पुढे सांगतो त्यावरून आम्ही ते फारसं लक्षात ठेवलं नाही असं दिसतं.

त्याच साथीत सावित्रीबाई फुले पुण्यात रुग्णांची सेवा करताना प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्यांनी आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणल्याचं चित्र तुम्ही शाळेत, कॅलेंडरवर पाहिलंय. ते नंतरच्या चित्रकारांनी कल्पनेने काढलंय. सेवा करणाऱ्याकडे कॅमेरा नसतो आणि सेवा चालू असताना कोणी थांबून उभंही राहत नाही.

सेवेचं उत्तम चित्र पाहायचं असेल तर अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यात जा. नंदाची पत्नी सुंदरी खाली कलली आहे. पाहणारे तिला 'मरणासन्न राजकन्या' म्हणतात. रक्त नाही, जखम नाही. मान वळलेली, पापण्या जड, हातातली ताकद गेलेली. एका बाईने मागून तिला धरलंय, एक पंखा घालतेय, एकीने स्वतःच्या छातीवर हात ठेवलाय आणि ती तिच्याकडे पाहतेय. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी या लेण्यांतल्या चित्रांच्या नकला केल्या. मला वाटतं, वैद्यकीय विद्यार्थ्यांनाही एकदा तिथे न्यावं. तपासण्याआधी रुग्णाकडे नुसतं पाहायचं कसं, हे त्या चित्रकाराला ठाऊक होतं.

आता आमच्या भागात परत येतो. २९ सप्टेंबर २०१७, शुक्रवार, दसऱ्याचा आदला दिवस. सकाळी पाऊस, आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर गर्दी अडकली. २३ माणसं गेली. माझे काही पेशंट त्या पुलावरून रोज जायचे. त्या दिवशी दुपारपर्यंत मी फोन करत होतो. मृतांना केईएममध्ये नेलं. तिथे ओळख पटवण्यासाठी मृतांच्या कपाळावर आकडे लिहिले गेले आणि त्यांचे फोटो फलकावर लावले गेले. त्यावर मोठा गदारोळ झाला. रुग्णालयाचं म्हणणं असं होतं की प्रत्येक नातेवाइकाला सगळे देह बघत फिरावं लागू नये म्हणून तसं केलं.

दोन्ही बाजू मला कळतात. एका वेळी एवढे देह आले, बाहेर शेकडो नातेवाईक रडताहेत, तेव्हा आकडा लागतोच. आकडा नसेल तर चुकीचा देह चुकीच्या घरी जाईल, आणि त्याहून वाईट काही नाही. फोटोवरून ओळख पटवणंही योग्यच आहे. पण कपाळ ही आपल्याकडे कुंकवाची, गंधाची जागा. आकडा मनगटाला किंवा पायाच्या अंगठ्याला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिता येतो. आणि फोटो उघड्या फलकावर लावण्याऐवजी एखाद्या खोलीत, टेबलापलीकडे बसून, एकेका कुटुंबाला दाखवता येतात. त्याला दोन माणसं जास्त लागतात. गर्दीच्या वेळी आपल्या सरकारी रुग्णालयांत नेमकी हीच दोन माणसं नसतात, हेही खरं.

दुसऱ्यांबद्दल इतकं लिहिलं, तर स्वतःचंही सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक निवृत्त साचेवाले यायचे. गिरणीत धोटा उडून डोळ्याजवळ लागल्याची जुनी खूण, आणि मधुमेहामुळे तळपायाला भोक पडलेलं. त्या पायाचा फोटो काढून मी डॉक्टरांच्या एका ग्रुपवर सल्ल्यासाठी टाकला. चेहरा नव्हता, नाव नव्हतं. त्यांना विचारलं मात्र नव्हतं. घोट्याला काळा दोरा होता आणि त्यात एक तांब्याचं कडं. तो फोटो फिरत फिरत एका 'मधुमेहाचे भयानक परिणाम' छापाच्या फॉरवर्डमध्ये गेला आणि त्यांच्या सुनेच्या मोबाइलवर आला. ते मला म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही विचारलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं." एवढंच बोलले. त्यानंतर मी विचारल्याशिवाय फोटो काढत नाही. ज्याला दाखवणार त्याचं नावही पेशंटला सांगतो, आणि काम झालं की फोटो मोबाइलमधून काढून टाकतो. तुमच्या डॉक्टरने हे केलं नाही तर तुम्ही खुशाल विचारा. तो तुमचा हक्क आहे.

आता तुमच्या कामाचं. जखमेचा फोटो डॉक्टरला पाठवायचा असेल तर आधी जखम स्वच्छ पाण्याने धुवा. हळद, टूथपेस्ट, कॉफी पावडर यांपैकी काहीही लावू नका. त्याखाली आम्हाला काहीच दिसत नाही आणि भाजलेल्या जागी त्याने नुकसानच होतं. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता फोटो घ्या. जखमेशेजारी, तिला न लागेल असं, एक रुपयाचं नाणं किंवा पट्टी ठेवा म्हणजे आकार कळतो. एक फोटो जवळून आणि एक थोडा लांबून, म्हणजे जखम शरीरावर नेमकी कुठे आहे ते समजेल. चेहरा नको. रोज त्याच अंतरावरून काढलात तर चार दिवसांत जखम भरतेय की पसरतेय ते दोघांनाही दिसतं. मधुमेह असेल तर जखम नसतानाही रोज रात्री तळपाय पाहा. वाकता येत नसेल तर घरच्या कोणाला पाहायला सांगा किंवा मोबाइलने फोटो काढून बघा. मधुमेहात पायाची संवेदना जाते, त्यामुळे खिळा घुसला तरी दुखत नाही.

फोटोत जखमेचा वास येत नाही, गरमपणा कळत नाही, खोली कळत नाही, पायाची नाडी लागते की नाही तेही कळत नाही. म्हणून दहा मिनिटं घट्ट दाबूनही रक्त थांबत नसेल, बोट हलत नसेल किंवा बधिर वाटत असेल, पायाचं बोट काळं पडलं असेल, लाली पसरत असेल, ताप आला असेल, तर फोटो पाठवून उत्तराची वाट पाहू नका, थेट या. कुत्रा किंवा मांजर चावली तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शनसाठी जा. ओरखडा दिसायला लहान असला तरी.

रस्त्यावर किंवा फलाटावर कोणी पडलेलं दिसलं, तर मोबाइल १०८ ला लावण्यासाठी काढा. रक्त येत असेल तिथे स्वच्छ रुमाल, ओढणी, जे हाताशी असेल ते दाबून धरा आणि सारखं उचलून बघू नका. मान किंवा पाठ दुखावल्याची शंका असेल आणि जागा धोक्याची नसेल, तर त्याला हलवू नका. त्याच्याशी बोलत राहा. पोलिसांचं लचांड मागे लागेल ही भीती अजून खूप जणांना वाटते. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या १३४ अ कलमाने संरक्षण दिलंय. २०१९ च्या दुरुस्तीत हे कलम आलं. तुम्हाला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. फोटो खरोखर लागलाच, समजा गाडीचा नंबर किंवा जागा नोंदवायला, तर गाडीचा काढा, जागेचा काढा आणि फक्त पोलिसांना द्या. ओळख पटवायची असेल तर त्याच्या फोनवरचा शेवटचा नंबर लावून बघा, खिशातला पास पाहा.

सुरुवातीला सांगितलेल्या तरुणाला मी झोपेची गोळी दिली नाही. तो फोटो त्याने मोबाइलमध्ये ठेवला होता आणि रात्री पुन्हा पुन्हा उघडून पाहायचा. आम्ही दोघांनी मिळून तो काढून टाकला. पुढच्या वेळी तो वडिलांना घेऊन आला. मांडीवरच्या टाक्यांचा फोटो काढू का, असं मी विचारलं. वडील म्हणाले, "काढा की. पण मला पण पाठवा, मी अजून नीट पाहिलेली नाही जखम."